परत जाणे आणि परत पाठवणे

(छावणी येथे भरलेल्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात एका निवृत्त अर्थशास्त्र-प्राध्यापकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मला नेमून दिलेला विषय ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. होड्यांतून येणारे निर्वासित आणि त्यांना बळजबरीने परत पाठवण्यासाठी सरकारांनी चालविलेली मुत्सद्देगिरी, असा हा विषय आहे. मराठवाड्याला समुद्रकिनारा नाही. आपले प्रश्न पाण्याचे आहेत खरे, पण ते पाणी नसल्याचे. मग छावणीत बसून आपण अंदमानच्या समुद्राची चर्चा का करावी?

याचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे. १९४७-४८ साली निजामी राजवटीत रझाकारांचा जुलूम वाढला, तेव्हा मराठवाड्यातील हजारो कुटुंबांनी घरदार सोडून शेजारच्या मुंबई इलाख्यात आणि वऱ्हाडात आश्रय घेतला. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाची सत्ता कोसळली आणि ही कुटुंबे आपापल्या गावी परतली. त्यांना परत पाठवण्यासाठी कोणाला पोलीस धाडावे लागले नाहीत. भीतीचे कारण गेले आणि पावले आपोआप गावाकडे वळली. इतिहास अर्धा सांगू नये, म्हणून त्याची दुसरी बाजूही सांगतो. त्याच सप्टेंबरात आणि त्यानंतरच्या आठवड्यांत मराठवाड्याच्या अनेक भागांत मुसलमान वस्त्यांवर भीषण अत्याचार झाले. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने त्यांची नोंद केली आणि तो अहवाल कित्येक दशके लोकांपुढे आला नाही. निर्वासित होण्याचा अनुभव कोणा एका धर्माच्या वाट्याला आलेला नाही, हे मराठवाड्याच्या माणसाला ग्रंथ वाचून कळण्याची गरज नसावी.

या अनुभवातून दोन शब्द मी आपल्यापुढे ठेवतो. एक आहे ‘परत जाणे’ आणि दुसरा ‘परत पाठवणे’. पहिल्यात कर्ता निर्वासित असतो. दुसऱ्यात कर्ता सरकार असते आणि निर्वासित हे केवळ कर्म असते. दुसरी क्रिया करून तिला पहिलीचे नाव देणे, हे आजच्या परराष्ट्रनीतीतील एक मोठे असत्य आहे. माझे आजचे म्हणणे एवढेच आहे की, निर्वासितांच्या परतीविषयीच्या कोणत्याही कराराची कसोटी एकाच प्रश्नाने लागते: परत जाणाऱ्या माणसाला त्याचे मत कोणी विचारले का, आणि ‘नाही’ म्हणण्याची त्याला मुभा होती का?

अर्थशास्त्र शिकवण्यात माझे आयुष्य गेले, म्हणून या मुत्सद्देगिरीकडे मी व्यवहार म्हणूनही पाहतो. ज्या देशाच्या किनाऱ्याला होडी लागते, त्याला ती माणसे नको असतात. ज्या देशातून ती पळाली, त्यालाही बहुधा ती नको असतात. पण ती परत घेण्याच्या मोबदल्यात त्याला मदत, मान्यता किंवा आपल्या अत्याचारांविषयी मौन मिळू शकते. सौदा या दोघांत ठरतो. ज्याच्या जिवाचा हा सौदा असतो, तो त्या टेबलावर कोठेच नसतो. कामगाराच्या गैरहजेरीत मालक आणि ठेकेदार यांनी मजुरी ठरवावी, तसाच हा प्रकार आहे. त्या व्यवहाराविरुद्ध आपली चळवळ उभी राहिली असेल, तर या व्यवहाराविषयी ती गप्प राहू शकत नाही.

या प्रश्नाचा एक मोठा धडा महाराष्ट्राच्या भूमीवर घडलेला आहे आणि तो घडला कोल्हापूरजवळ वळिवडे येथे. १९३९ साली हिटलरने पश्चिमेकडून आणि स्टालिनने पूर्वेकडून पोलंड गिळला. पूर्व पोलंडमधील लाखो माणसे सैबेरियात आणि कझाकस्तानात हाकलली गेली. १९४१ साली जर्मनीने रशियावर स्वारी केल्यावर त्यांच्यापैकी काहींची सुटका झाली. १९४२ मध्ये जनरल अँडर्स यांच्या सैन्याबरोबर एक लाखाहून अधिक सैनिक व नागरिक कास्पियन समुद्र ओलांडून जहाजांनी इराणच्या किनाऱ्याला उतरले. त्यांतील काही हजार स्त्रिया, मुले आणि वृद्ध पुढे पुन्हा समुद्रमार्गे कराचीस आणि तेथून रेल्वेने कोल्हापुरास आले. १९४३ पासून १९४८ पर्यंत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत वळिवडे येथे होती. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते, दवाखाना होता, नाटके होत होती.

ही कथा आपण आतिथ्याची कथा म्हणून सांगतो. पण या वसाहतीचा खरा कसोटीचा काळ युद्ध संपल्यावर आला आणि तो फारसा कोणी सांगत नाही. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथे तीन बड्या राष्ट्रांनी पूर्व पोलंड रशियाच्या पदरात टाकला. जुलै १९४५ मध्ये ब्रिटन आणि अमेरिका यांनी लंडनमधील परागंदा पोलिश सरकारची मान्यता काढून वॉर्सातील नव्या सरकारला दिली. वळिवड्याच्या निर्वासितांचे सरकार असे एका दिवसात नाहीसे झाले. आता त्यांना सांगता येण्याजोगे होते की, युद्ध संपले, तुमच्या देशात सरकार आहे, तुम्ही जा. परंतु त्यांच्यापैकी बहुतेकांची घरे ज्या गावांत होती, ती गावे पोलंडमध्ये उरलीच नव्हती. ज्या सत्तेने त्यांना सैबेरियात धाडले, तिच्याच हद्दीत ती गेली होती.

बळजबरीने काय होते, याचे उदाहरण त्याच वेळी युरोपात घडत होते. याल्टा कराराची अंमलबजावणी म्हणून ब्रिटिश सैन्याने १९४५ च्या उन्हाळ्यात ऑस्ट्रियातील लिएन्झ येथे कोसॅक पुरुष, स्त्रिया आणि मुले यांना दंडुक्यांच्या जोरावर गाड्यांत चढवून सोव्हिएत अधिकाऱ्यांच्या स्वाधीन केले. अनेकांनी परत जाण्यापेक्षा मृत्यू पत्करला. या अनुभवानंतर नव्याने जन्मलेल्या संयुक्त राष्ट्रसंघात मोठा वाद झाला. सोव्हिएत प्रतिनिधी विशिन्स्की यांचा आग्रह परतपाठवणीचा होता आणि एलिनॉर रूझवेल्ट यांनी त्याचा प्रतिवाद केला. १२ फेब्रुवारी १९४६ रोजी आमसभेने ठराव केला की, ज्या निर्वासिताने सबळ कारणे देऊन परतण्यास निश्चित नकार दिला आहे, त्याच्यावर परतण्याची सक्ती करता येणार नाही. १९५१ चा निर्वासितविषयक करार त्यानंतर पाच वर्षांनी झाला. संमतीचे हे तत्त्व त्याच्याही आधीचे आहे.

वळिवडे येथे त्या तत्त्वाचे पालन झाले. ज्यांना पोलंडला जायचे होते ते गेले. ज्यांचे पती, पिते किंवा बंधू अँडर्स यांच्या सैन्यातून ब्रिटनमध्ये स्थायिक होत होते, ते ब्रिटनला गेले. काही पूर्व आफ्रिकेकडे व अन्य देशांकडे गेले. जामनगरजवळील बालाचडी येथे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी पोलिश अनाथ मुलांना आसरा दिला होता. त्यांना वॉर्साच्या स्वाधीन करण्याचा प्रश्न निघाला, तेव्हा जामसाहेब आणि शिबिराचे धर्मगुरू यांनी दत्तकविधानाचा कायदेशीर मार्ग योजून ती सक्ती टाळली. त्यांतील अनेक मुले पुढे वळिवड्यास आली. त्या काळी हिंदुस्थान परतंत्र होता, बंगालचा दुष्काळ ताजा होता, आणि लवकरच फाळणीचा वणवा पेटायचा होता. आमच्याजवळ पैसा नव्हता, निर्वासितविषयक कायदा नव्हता. तरी माणसाचे मत विचारले गेले.

वळिवड्याच्या त्या बराकी पोलिश मंडळी गेल्यावर फार काळ रिकाम्या राहिल्या नाहीत. सिंधमधून उखडली गेलेली सिंधी कुटुंबे तेथे आली. त्याच वसाहतीचे नाव आज गांधीनगर आहे आणि तेथील कापडबाजार साऱ्या दक्षिण महाराष्ट्राला ठाऊक आहे. या सिंधी बांधवांपैकी असंख्य लोक कराचीहून जहाजाने मुंबईला उतरले होते. कल्याणजवळच्या लष्करी बराकींत त्यांना ठेवले गेले आणि १९४९ साली त्या छावणीचे उल्हासनगर झाले. महाराष्ट्राच्या दोन मोठ्या बाजारपेठा जहाजांतून आलेल्या निर्वासितांनी उभ्या केल्या आहेत. ‘निर्वासित म्हणजे ओझे’ असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

स्वतंत्र भारताने याहून मोठी कसोटी १९७१ साली दिली. पूर्व बंगालमधून सुमारे एक कोट माणसे आली. त्या वेळी आपली लोकसंख्या सुमारे ५५ कोटी होती. म्हणजे दर ५५ भारतीयांमागे एक निर्वासित. त्यांच्यासाठी पत्रावर पाच पैशांचे जादा तिकीट लावावे लागे आणि ते मराठवाड्यातील शेतमजुरानेही लावले. सरकारची भूमिका स्पष्ट होती की, ही माणसे परत गेली पाहिजेत. पण त्यासाठी केलेली मुत्सद्देगिरी कोणती होती? त्यांना सीमेपलीकडे ढकलण्याची नव्हती. ज्या कारणाने ती पळाली ते कारण नष्ट करा, अशी ती मागणी होती. जयप्रकाशजींनी १९७१ च्या मे-जूनमध्ये देशोदेशीच्या राजधान्या पालथ्या घातल्या आणि सप्टेंबरात दिल्लीत बांगलादेशविषयक आंतरराष्ट्रीय परिषद भरवली. त्यानंतर पंतप्रधान इंदिरा गांधी पाश्चात्त्य राजधान्यांत गेल्या. डिसेंबरात बांगलादेश मुक्त झाला आणि पुढील काही महिन्यांत निर्वासितांचा फार मोठा भाग स्वतःहून परत गेला. परतीची इच्छा निर्माण करणारी मुत्सद्देगिरी ती हीच. त्या सरकारशी आपले पुढे कितीही तीव्र मतभेद झाले, तरी हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही.

यानंतरची वाटचाल मात्र उताराची आहे. जुलै १९८३ मध्ये श्रीलंकेत तमिळांची कत्तल झाली आणि पाल्कची सामुद्रधुनी ओलांडून होड्या रामेश्वरमला येऊ लागल्या. मंडपम येथे छावणी उघडली. चार वर्षांत सव्वा लाखाहून अधिक माणसे आली. २९ जुलै १९८७ रोजी राजीव गांधी आणि जयवर्धने यांनी करार केला. त्यातील एका कलमाची रचना अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने पाहण्यासारखी आहे. श्रीलंकेतील भारतीय नागरिकांना भारताने नेण्याची त्वरा करायची आणि त्याच वेळी तमिळनाडूतील श्रीलंकेचे निर्वासित परत पाठवायचे, असे त्यात एकाच वाक्यात लिहिले होते. दोन मानवसमूहांची ही वस्तुविनिमयासारखी अदलाबदल होती. दोहोंपैकी कोणाचेही मत विचारण्याची तरतूद त्या वाक्यात नव्हती.

करार टिकला नाही, युद्ध पुन्हा पेटले आणि १९९० मध्ये पुन्हा एक लाखाहून अधिक माणसे होड्यांतून आली. मे १९९१ मध्ये राजीव गांधी यांची निर्घृण हत्या झाली. त्या हत्येविषयी देशाला झालेला संताप न्याय्य होता. पण गुन्हा एका सशस्त्र संघटनेने केला आणि रोष छावणीतील विधवा व मुले यांच्यावर वळला. जानेवारी १९९२ पासून परतपाठवणी सुरू झाली. ती ‘स्वेच्छेने’ चालली आहे, असे सांगितले जात होते. परंतु संमतीचे अर्ज इंग्रजीत असल्याची आणि शिध्याच्या व सवलतींच्या बाबतीत दडपण येत असल्याची तक्रार झाली. पी. नेडुमारन आणि डॉ. एस. रामदास हे मद्रास उच्च न्यायालयात गेले. जी भाषा वाचता येत नाही तिच्यातील कागदावर उमटवलेल्या अंगठ्याला संमती म्हणावयाचे असेल, तर सावकाराच्या प्रत्येक खतालाही संमतीच म्हणावे लागेल.

तरीसुद्धा त्या प्रसंगी एक गोष्ट घडली. देशात व देशाबाहेर टीका झाल्यावर १९९२ मध्येच भारत सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाला मद्रासमध्ये येऊन, परत जाणाऱ्यांची इच्छा पडताळून पाहण्याची अनुमती दिली. ती पडताळणी अपुरी होती, असे अभ्यासक म्हणतात. पण ‘विचारले पाहिजे’ हे तत्त्व तरी मान्य झाले. १९९५ पर्यंत सुमारे ५४ हजार माणसे परत गेली. युद्ध मात्र संपले नव्हते आणि १९९६ पासून रामेश्वरमच्या किनाऱ्याला पुन्हा होड्या लागू लागल्या. कारण शिल्लक ठेवून माणसे परत पाठवली की, ती पुन्हा त्याच होडीत बसतात. बळजबरी अन्याय्य तर आहेच, पण ती निरुपयोगीही आहे.

हाच खेळ श्रीमंत राष्ट्रे कसा खेळतात आणि त्यात आपल्याला कसे ओढतात, हेही पाहू. जून २०१४ मध्ये १५७ तमिळ माणसे पुदुच्चेरीहून एका बोटीने ऑस्ट्रेलियाकडे निघाली. त्यांत सुमारे ५० मुले होती. ऑस्ट्रेलियाने त्यांना भर समुद्रात पकडून आपल्या सरकारी जहाजावर सुमारे महिनाभर डांबून ठेवले आणि भारताकडे परत नेण्याचा बेत केला. त्यांचे मंत्री स्कॉट मॉरिसन दिल्लीस येऊन परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांना भेटले. त्यांपैकी कोण भारताचे नागरिक वा रहिवासी आहेत हे आमचे अधिकारी तपासतील, एवढे भारताने मान्य केले. त्या माणसांनी आमच्या अधिकाऱ्यांना भेटण्यास नकार दिला, तेव्हा ऑस्ट्रेलियाने त्यांना रातोरात नाऊरू बेटावर धाडले. ज्यांच्याविषयी दोन सरकारे बोलत होती, ते जहाजाच्या खोल्यांत कोंडलेले होते आणि आपण कोठे चाललो आहोत हे त्यांना ठाऊक नव्हते. पुढे ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायपीठाने चार विरुद्ध तीन मतांनी ही स्थानबद्धता कायदेशीर ठरवली. हे निरीक्षण मनात ठेवा: कायदेशीर असणे आणि न्याय्य असणे यांत एका मताचे अंतर होते.

आता मी आजच्या, सर्वांत जळजळीत प्रसंगाकडे येतो. म्यानमारने १९८२ च्या कायद्याने रोहिंग्यांचे नागरिकत्व काढून घेतले. तत्पूर्वीच, १९७८ मध्ये, दोन लाखांवर रोहिंगे बांगलादेशात पळाले होते. दोन्ही सरकारांनी जुलै १९७८ मध्ये करार केला. निर्वासितांना जायचे नव्हते. छावण्यांतील शिधा अपुरा राहिला आणि उपासमार व रोगराई यांनी वर्षअखेरपर्यंत सुमारे दहा हजार माणसे मेली, त्यांत बहुसंख्य मुले होती. निर्वासित उच्चायुक्तालयाचे तेथील अधिकारी ॲलन लिंडक्विस्ट यांनी हे लिहून ठेवले आहे. उरलेले परत गेले. सरकारी कागदावर ती परतपाठवणी यशस्वी ठरली. बंदुकीचा चाप न ओढता, केवळ तांदूळ अडवून सक्ती करता येते, हे दुष्काळ पाहिलेल्या मराठवाड्याला समजावून सांगायला नको.

ऑगस्ट २०१७ मध्ये म्यानमारच्या लष्कराने गावे जाळली आणि सात लाखांहून अधिक रोहिंगे नाफ नदी ओलांडून बांगलादेशात आले. पुन्हा करार झाला. १५ नोव्हेंबर २०१८ आणि २२ ऑगस्ट २०१९ या दोन दिवशी त्यांना नेण्यासाठी वाहने उभी करण्यात आली. एकही माणूस चढला नाही. या वेळी त्यांना निदान विचारले गेले होते आणि त्यांनी उत्तर दिले होते. भारताने त्या काळात राखाइन प्रांतात परतणाऱ्यांसाठी अडीचशे तयार घरे बांधून दिली. हेतूला मी नाव ठेवत नाही. पण घराचा दरवाजा उघडा असून उपयोग काय, जर नागरिकत्वाचा दरवाजा बंद असेल? राखाइनच्या किनाऱ्यावर सित्वे येथे आपण बंदर उभारले आहे. म्हणजे म्यानमारच्या राज्यकर्त्यांशी बोलण्याचे साधन आपल्या हाती आहे. ते नागरिकत्वाच्या प्रश्नासाठी वापरल्याचे मात्र दिसत नाही.

मे २०२५ मधील घटना या पार्श्वभूमीवर पाहा. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने १५ मे रोजी प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार, दिल्लीत राहणाऱ्या काही डझन रोहिंग्यांना ताब्यात घेण्यात आले. त्यांपैकी सुमारे चाळीस जणांना डोळे बांधून अंदमानात नेण्यात आले, नौदलाच्या जहाजावर चढवण्यात आले आणि अंदमानचा समुद्र ओलांडल्यावर जीवरक्षक जाकिटे देऊन म्यानमारच्या किनाऱ्याकडे पोहत जाण्यासाठी पाण्यात उतरवण्यात आले. त्यांतील अनेकांजवळ निर्वासित उच्चायुक्तालयाची ओळखपत्रे होती, असेही सांगण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने १६ मे रोजी या कथनाविषयी शंका व्यक्त करून तातडीची मनाई देण्यास नकार दिला. मी न्यायाधीश नाही. या प्रसंगाचा तपशीलवार निर्णय मी येथे देणार नाही. पण नागरिक म्हणून मला विचारायचे आहे की, असे घडले नसेल तर सरकारने जहाजाची नोंदवही उघडी करून तो आरोप खोडून काढावा. आणि घडले असेल तर त्याला परतपाठवणी म्हणता येईल काय? परतपाठवणीत घेणारे कोणी असते. एका हाताने दुसऱ्या हातात देणे असते. माणसाला पाण्यात सोडून देणे याला कोणत्याही भाषेत करार म्हणत नाहीत.

यातील उपरोध तारखांतून कळतो. २१ ऑगस्ट २०२४ रोजी आपल्या पंतप्रधानांनी वॉर्सा येथे कोल्हापूरच्या स्मारकाला पुष्पचक्र वाहिले. त्यानंतर नऊ महिन्यांच्या आत अंदमानच्या समुद्रातील ही बातमी आली. वळिवड्याचा अभिमान बाळगायचा असेल, तर वळिवड्यात काय झाले तेही लक्षात ठेवले पाहिजे.

येथे तीन आक्षेप नेहमी घेतले जातात. त्यांचा विचार प्रामाणिकपणे केला पाहिजे, कारण ते आपल्या वस्तीतील सामान्य माणूसही घेतो.

पहिला आक्षेप भाराचा. आमच्याच माणसांना काम नाही, घर नाही. मग हे कशाला? २०१७ साली सरकारने संसदेत रोहिंग्यांचा अंदाज सुमारे ४० हजार असा दिला होता. १४० कोटींच्या देशात हे प्रमाण दर ३५ हजार माणसांमागे एक असे पडते. १९७१ मध्ये ते ५५ मागे एक होते. मराठवाड्यातील तरुणाला काम नाही ते या पस्तीस हजारांतील एकामुळे नाही. ते सिंचनाच्या अपुऱ्या सोयी, कोसळणारे शेतमालाचे भाव आणि ठेकेदारीची कामगारपद्धती यांमुळे नाही. ज्यांना या कारणांवर बोलायचे नसते, ते निर्वासिताकडे बोट दाखवतात. उलट, ज्याला कोणताही कायदेशीर दर्जा नाही तोच माणूस अर्ध्या मजुरीवर राबतो आणि इतरांची मजुरीही खाली ओढतो. त्याला दर्जा देणे हे भारतीय मजुराच्याही हिताचे आहे.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. ज्या व्यक्तीविरुद्ध पुरावा आहे तिच्यावर खटला भरावा, त्याला कोणाचाच विरोध नाही. १९५१ चा करारसुद्धा देशाच्या सुरक्षेला खरा धोका असणाऱ्याला हे संरक्षण देत नाही. पण धोका व्यक्तीचा सिद्ध करायचा असतो, साऱ्या जमातीचा गृहीत धरायचा नसतो.

तिसरा आक्षेप कायद्याचा. भारताने १९५१ च्या करारावर सही केलेली नाही, हे खरे. परंतु आपल्या संविधानातील २१ वे कलम ‘नागरिक’ असा शब्द वापरत नाही, ‘व्यक्ती’ असा वापरते. चकमांच्या खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या कलमाचे संरक्षण परकीयांनाही आहे असे सांगितले. जेथे जीव धोक्यात येईल तेथे निर्वासिताला परत धाडू नये, हे तत्त्व याच कलमात सामावलेले आहे, असे गुजरात उच्च न्यायालयाने १९९८ मध्ये मानले. करारावर सही नसली, तरी संविधानावर आपली सही आहे.

आणि बळजबरी एकदा रूढ झाली की ती परक्यापाशी थांबत नाही. जून २०२५ मध्ये मुंबई-ठाणे परिसरात राबणाऱ्या, पश्चिम बंगालमधून आलेल्या काही मजुरांना बांगलादेशी ठरवून सीमेपलीकडे ढकलण्यात आले. त्यांच्या राज्य सरकारने कागदपत्रे पुढे केली, तेव्हा त्यांना परत आणावे लागले. हे भारताचे नागरिक होते. त्यांचा अपराध इतकाच की ते गरीब होते, बंगाली बोलत होते आणि मुसलमान होते. न विचारता उचलण्याची सवय लागलेले प्रशासन उद्या कोणाचे दार ठोठावील, याची हमी कोण देणार?

तेव्हा साथींनो, आपण मागणी कोणती करावी? पहिली, निर्वासित कोणाला म्हणावे हे ठरवणारा स्वतंत्र कायदा संसदेने करावा. याविषयी खासगी विधेयके आली. सरकारी विधेयक आजवर संमत झालेले नाही. १९४६ चा विदेशी व्यक्तीविषयक कायदा जाऊन १ सप्टेंबर २०२५ पासून नवा कायदा लागू झाला, पण त्यातही निर्वासित हा वेगळा वर्ग मानलेला नाही. दुसरी, कोणालाही देशाबाहेर पाठवण्यापूर्वी त्याला त्याच्या भाषेत कारण सांगावे, वकील द्यावा आणि न्यायालयापुढे जाण्याची संधी द्यावी. तिसरी, परत जाणाऱ्याची संमती सरकारी अधिकाऱ्याने न घेता निर्वासित उच्चायुक्तालयासारख्या तटस्थ संस्थेने पडताळावी. १९९२ साली जे आपण मान्य केले, ते आज अमान्य करण्याचे कारण नाही. चौथी, अशा परतीविषयीचे करार संसदेपुढे ठेवावेत आणि त्यांत नागरिकत्व, जमीन व सुरक्षितता यांची कलमे असल्याखेरीज त्यांना मान्यता देऊ नये.

या मागण्या दिल्लीच्या आहेत. पण एक काम येथले आहे. मोहल्ल्यात किंवा वीटभट्टीवर एखाद्या मजुराला ‘परका’ म्हणून उचलले गेले, तर त्याच दिवशी ठाण्यावर जाऊन अटकेची नोंद मागा, वकील उभा करा आणि त्याच्या गावी कळवा. पहिले चोवीस तास महत्त्वाचे असतात. त्यानंतर माणूस कागदावरून नाहीसा होतो.

सरकारे मुत्सद्देगिरी करणारच. आपण एवढाच आग्रह धरायचा की, ती निर्वासिताच्या मागे लागू नये, त्याला पळवून लावणाऱ्याच्या मागे लागावी. १९४८ साली मराठवाड्याची माणसे परतली आणि १९७१ नंतर बांगलादेशाची परतली, ती दोन्ही वेळा भीतीचे कारण गेल्यावर. तसा दिवस आणणे हे परराष्ट्र खात्याचे काम आहे. तो येईपर्यंत पाहुण्याला पाण्यात न ढकलणे, हे आपल्या सर्वांचे.